खांबेटे सरांची आज्ञा

रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा समोर असताना अवनीनं बापाला सांगितलं, की तिला दीक्षा घ्यायची आहे, जैन साध्वी व्हायचं आहे. खांबेटे सरांनी आधी तिच्या बशीकडे पाहिलं. कांदा-बटाटा तिनं कधीचाच सोडला होता, म्हणून हल्ली घरात पोहे नुसते मटार घालून होत. हे सगळं डाएटचं खूळ आहे अशी सरांची इतके दिवस पक्की समजूत होती. हिंजवडीच्या आयटी कंपनीतली पोरं एक दिवस दुधी भोपळ्याचा रस पितात आणि दुसऱ्या दिवशी पिझ्झा मागवतात, तशातलंच काहीतरी. सूर्य मावळायच्या आत जेवते? जेवू दे. खाली चटईवर झोपते? पाठ धरली असेल. ज्या माणसानं जन्मभर हेच विषय शिकवले, त्याला स्वतःच्या घरातलं एवढं ढळढळीत दिसू नये, याला काय म्हणावं!

कारण श्रीनिवास खांबेटे हे काही साधेसुधे बाप नव्हते. कसबा पेठेतल्या एका जुन्या संस्थेत ते संध्याकाळी वर्ग घेत. 'आशियातील प्रमुख धर्म : एक ओळख' असं त्या वर्गाचं नाव. कॉलेजातून निवृत्त झाल्यावरही त्यांनी हा वर्ग सोडला नव्हता. वर्गाला पेन्शनर यायचे, दोन-चार शिक्षिका यायच्या, आणि अलीकडे नोकरीला कंटाळलेली तरुण पोरंही यायला लागली होती. पहिल्याच दिवशी सर बजावायचे, "इथे धर्म शिकायचा असतो, करायचा नसतो. करायचा असेल तर बाहेर पेठेत पावलापावलावर सोय आहे." वर्ग हसायचा. सर हसायचे नाहीत.

दर चातुर्मासात ते सगळ्या वर्गाला घेऊन जवळच्या जैन स्थानकात जात. पावसाळ्याचे चार महिने साध्वी तिथे मुक्काम करत. या पंथात त्यांना महासतीजी म्हणतात. तोंडावर पांढरी मुहपत्ती बांधलेल्या, हातात बारीक जीव अलगद बाजूला सारायचा लोकरीचा कुंचा, म्हणजे ओघा, घेतलेल्या त्या बायकांसमोर वर्ग अदबीनं बसे आणि सर हळू आवाजात समजावून सांगत. अवनी कॉलेजात असल्यापासून मदतीला यायची. चपला नीट लावून घ्यायची, मोबाइल बंद करायला लावायची. बापाच्या कामात पोरगी रस घेते म्हणून सर मनातून सुखावत.

"हे कुणी भरवलं तुझ्या डोक्यात?" सरांनी विचारलं.

"तू," अवनी म्हणाली.

सरांनी चमचा खाली ठेवला.

"बाबा, चिडू नकोस. त्या म्हणतात, वडिलांची आज्ञा असल्याशिवाय आम्ही कुणाला घेत नाही. तुला माहितीच आहे हे."

माहीत नसायला काय झालं? 'दीक्षार्थीस कोणाची आज्ञा आवश्यक असते, व का?' चार मार्कांचा प्रश्न. सर तो दर वर्षी काढायचे, कारण तो सोपा होता आणि मागच्या बाकावरच्यांनाही यायचा.

"मग माझी आज्ञा नाही," सर म्हणाले. "विषय संपला."

"बरं," अवनी म्हणाली. "तू हो म्हणेपर्यंत मी थांबते."

आणि तिनं बशा उचलून विसळायला नेल्या. ती रडली असती, ओरडली असती, दार आपटून गेली असती तर सरांनी सगळं सांभाळून घेतलं असतं. पण ती नळाखाली बशा विसळत शांत उभी होती, आणि खुर्चीत बसल्या बसल्या सरांच्या पायाखालची जमीन सरकली. घरात दोघंच होती. सुरुची, म्हणजे सरांची बायको, जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि त्यानंतर या घरात जे काही हसणं-बोलणं होतं ते या पोरीमुळे होतं. तीच गेली तर पुढे काय, हा विचार सरांना शेवटपर्यंत करवेना.

पुढचे काही आठवडे त्यांनी जिवाच्या आकांतानं वाद घातला. सगळा आशिया त्यांनी पोरीच्या वाटेत आडवा घातला. चीनमध्ये आईबापांना म्हातारपणी सोडून जाणं हे मोठ्यात मोठं पाप मानतात, हे सांगून झालं. संसारात राहूनच देव गाठा असं शीख परंपरा सांगते, हे सांगून झालं. गौतम बुद्ध घर सोडून गेला, पुढे त्याचा मुलगाही भिक्षू झाला, तेव्हा म्हाताऱ्या शुद्धोदन राजानं हात जोडून मागणं मागितलं होतं की यापुढे आईबापांना विचारल्याशिवाय कुणाचंही पोर नेऊ नका. हे सांगताना मात्र सरांचा आवाज चिरकला. वर्गात ही गोष्ट ते वर्षानुवर्षं सांगत आले होते, आणि राजाला तेव्हा काय वाटलं असेल हे त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

अवनी सगळं ऐकून घ्यायची. कधी एखादा तपशील चुकला तर दुरुस्तही करायची. मग म्हणायची, "बाबा, पाच वाजून गेले, तुझा वर्ग आहे. छत्री ने."

शेवटी हात टेकून सर एका दुपारी एकटेच स्थानकात गेले. भांडायला गेले होते. काय बोलायचं ते मनाशी घोकून ठेवलं होतं. थोरल्या महासतीजी लाकडी पाटावर बसल्या होत्या, वयानं सरांच्याच आसपास, मूळच्या नगरकडच्या.

"या सर. यंदा विद्यार्थी नाही आणले?"

"मी अवनीबद्दल बोलायला आलोय. एकुलती एक मुलगी आहे माझी."

"हो. म्हणून तर थांबलोय आम्ही."

"तुम्ही तिला परत पाठवा. समजवा तिला."

"समजावलं. परतही पाठवलं. ती पुन्हा येते." त्या सावकाश बोलत होत्या. "पण तुम्ही काळजी करू नका. तुमची आज्ञा नसेल तर आम्ही तिला दीक्षा देणार नाही. आत्ता नाही आणि पुढंही कधी नाही. लेक तुमची आहे."

सरांची सगळी तयारी वाया गेली. भांडायला समोर कुणी असावं लागतं. इथे तर बाईंनी सगळं उचलून त्यांच्याच पदरात टाकलं. म्हणजे आता अवनीला अडवणारं जगात दुसरं काहीही नव्हतं, फक्त त्यांचं 'नाही'. आणि ते रोज म्हणावं लागणार होतं. रोज सकाळी पोह्यांच्या बशीपलीकडून ती विचारणारही नाही, नुसती बघेल, आणि रोज त्यांना नाही म्हणावं लागेल, मरेपर्यंत. ते आपल्याच्यानं होणार नाही हे सरांना तिथल्या तिथे कळून चुकलं. हे 'नाही' दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं.

दीक्षा कुणाला देऊ नये याचे जुने संकेत आहेत. सर ते वर्गात सांगत असत. फार लहान असेल त्याला नको, दुर्धर आजार असेल त्याला नको, असं बरंच काही. मंडईत हाताला येईल ती जुडी उचलावी तसा सरांनी त्यातला एक संकेत उचलला.

"एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "तिला फिट्स येतात. लहानपणापासून. औषधं चालू आहेत."

महासतीजींनी मान वर केली. "कधी बोलली नाही ती."

"नाही बोलणार. लपवते. तुम्ही विचारलंत तर नाही म्हणेल, तिला लाज वाटते त्याची."

हे शेवटचं वाक्य कुठून आलं ते त्यांचं त्यांनाच समजलं नाही. पण ते फार पक्कं होतं. त्यानं पोरीच्या तोंडाला कुलूपच लागलं. महासतीजी म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. अनवाणी उन्हातान्हात चालायचं असतं आम्हाला. जिवावर बेतायचं."

पायरीवर येऊन सर सँडल घालायला लागले तर पट्टा बक्कलात जाईना. लाज वाटत होती आणि त्याहून जास्त सुटका वाटत होती. पोर वाचली, असं ते स्वतःशीच पुन्हा पुन्हा म्हणत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना अवनी स्थानकात गेली आणि नेहमीपेक्षा लवकर घरी आली. सर पेपर उघडून बसले होते. तो सकाळीच वाचून झाला होता.

"बाबा, मला फिट्स येतात?"

सरांनी पान उलटलं.

"त्यांनी विचारलं मला. मी काय सांगितलं असेल? काही नाही. खोटं आहे म्हटलं असतं तर त्यांच्यासमोर तू खोटारडा ठरला असतास. खरं आहे म्हटलं असतं तर मी खोटी ठरले असते. गप्प बसले मी."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"घरी राहून धर्म कर म्हणाल्या. खूप मायेनं बोलल्या." ती ओढणी काढून खुंटीला लावत होती. "कूकर लावते. आमटी कसली करू?"

सर जिंकले होते. त्यानंतर घरात सगळं अगदी सुरळीत चाललं. अवनी वेळेवर ऑफिसला जायची, वेळेवर यायची. सरांच्या चष्म्याची काडी मोडली होती, ती नवी बसवून आणली. त्यांच्या विनोदांना हसायची. रविवारी दोघं कात्रजला जाऊन सुरुचीच्या बहिणीला भेटून आली. त्या बाई म्हणाल्या, "पोरगी किती गुणाची निघाली हो!" सर हो म्हणाले. टोमणा नाही, रुसवा नाही, एक वाकडा शब्द नाही. आणि तरी सरांना घरात श्वास घेववेना. समोर बसलेली मुलगी रोज थोडी थोडी कमी होत चालली आहे असं त्यांना वाटायचं, आणि ती कुठे जाते आहे ते कळायचं नाही. साध्वी होऊन गेली असती तर निदान कुठे आहे हे तरी सांगता आलं असतं.

एका दुपारी ती घरूनच काम करत होती. सर जेवून आडवे झाले होते. डोळा लागेना म्हणून उठून बाहेर आले, तर अवनी गॅलरीत कठडा धरून उभी होती. खाली गल्लीतून दोन महासतीजी गोचरीला चालल्या होत्या, हातात लाकडी पात्रं, नजर पायांपुढच्या रस्त्यावर. घरोघरी जे शिजलं असेल त्यातलं थोडं थोडं घेत त्या कोपऱ्यावरून वळल्या. त्या दिसेनाशा झाल्या तरी अवनी तशीच उभी राहिली. आवाज नव्हता. पण दोन्ही हातांनी कठडा असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

हे उभं राहणं सरांनी पूर्वी एकदा पाहिलं होतं. सुरुची गेली त्या दिवशी हॉस्पिटलच्या गॅलरीत ही पोर अशीच उभी होती. तेव्हा सर तिच्याजवळ गेले होते. आताही गेले.

"अवनी, अगं, आसक्तीची ही जी अवस्था असते ना, तिच्याबद्दल जवळजवळ सगळ्याच परंपरांमध्ये–"

"बाबा, प्लीज."

ती वळली. चेहरा ओला होता.

"आई गेली तेव्हा तू मला तिबेटमध्ये मृत्यूबद्दल काय मानतात ते सांगितलंस. मग जपानबद्दल सांगितलंस. पारशांचं सांगितलंस. मी नुसती तुझ्या खांद्यावर डोकं ठेवायला आले होते रे. तू एकदाही रडला नाहीस. मला वाटायचं, मीच वेडी आहे." तिनं नाक पुसलं. "मग पुढच्या चातुर्मासात तुझ्या वर्गाबरोबर स्थानकात गेले. तू सगळ्यांना मुहपत्तीबद्दल सांगत होतास. मी मागे बसले होते, मला एकदम रडू आलं. थोरल्या महासतीजींनी बघितलं आणि त्या नुसत्या माझ्यासमोर येऊन बसल्या. काही सांगितलं नाही. किती वेळ बसल्या. घरी येताना मला पहिल्यांदा बरं वाटलं. म्हणून जायचंय मला तिथे. बास, एवढंच. तुझ्या पुस्तकातलं कारण नाहीये ते."

सरांना त्या क्षणी तिला जवळ घ्यायचं होतं. पण ते सुचेपर्यंत ती आत जाऊन लॅपटॉपसमोर बसलीही होती, तिची मीटिंग होती.

सर तसेच चपला घालून स्थानकात गेले. वाटेत त्यांना ओळखीच्या कुणीतरी हाक मारली, ती ऐकू आली नाही. महासतीजींसमोर उभ्या उभ्याच ते म्हणाले, "मी खोटं बोललो. तिला काही होत नाही. धडधाकट आहे. माझी आज्ञा आहे."

त्यांना वाटलं, एवढं बोललं की झालं. एवढं बोलायलाच तर त्यांचा जीव अर्धा झाला होता.

"सर," महासतीजी म्हणाल्या, "तुमचं तेव्हाचं बोलणं खोटं होतं. मग आजचं खरं कशावरून? लेकीनं जेवण सोडलं असेल, रुसली असेल, म्हणून हो म्हणत असाल."

"नाही हो. तिनं काही केलं नाही."

"मनापासून नसलेली आज्ञा आम्हाला चालत नाही. तिला घेऊन या. आमच्या जैन संघाच्या वडीलधाऱ्यांना बोलावते. सगळ्यांसमोर सांगा."

म्हणजे आता त्यांना, श्रीनिवास खांबेट्यांना, आपली पोर आपल्या हातानं घालवण्यासाठी लोकांची मनधरणी करायची होती. ते अवनीला घेऊन गेले. संघाची चार वयस्कर मंडळी सतरंजीवर बसली होती. सरांनी पोरीच्या देखत सगळं सांगितलं, फिट्सचं, ती लपवते असं म्हणाल्याचं, सगळं. अवनी खाली बघत होती.

"प्रोफेसर ना तुम्ही?" एक म्हातारे म्हणाले. "शिकवता काय वर्गात?"

दुसरे म्हणाले, "पोरीच्या दबावाखाली बोलताय. उद्या पोलिसांत जाल आणि आमच्यावर शेकवाल. आम्हाला या भानगडीत पडायचं नाही."

अवनीनं मान वर केली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ते पाहिलं आणि सरांचं उरलंसुरलं अवसानही गळालं. जन्मभर नेमकं बोलण्याबद्दल ज्यांची ख्याती, ते खांबेटे सर त्या सतरंजीवर गुडघ्यांवर आले. "घ्या हो तिला," ते म्हणाले. "मी पदर पसरतो. माझी पोर पदरात घ्या. माझ्यापाशी राहिली तर ती सुकून मरेल." मुलीचे बाप लग्नाच्या बैठकीत असं बोलतात हे त्यांना बोलून झाल्यावर आठवलं. अवनीच्या लग्नात आपण असलं काही बोलणार नाही, तो मागासपणा आहे, असं ते सुरुचीला नेहमी सांगत.

महासतीजींनी वडीलधाऱ्यांकडे पाहिलं. आणि आज्ञा मान्य झाली.

दोघं घरी निघाली. तांबट आळीतून येताना भांडी ठोकण्याचा आवाज चालू होता. तो मागे पडल्यावर अवनी म्हणाली, "बाबा, एक मागू?"

"माग."

"त्या दिवशी कपडे बदलायला आत जाण्याआधी मी तुझ्यासमोर येईन. नमस्कार करेन. तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेव. नंतर नाही ठेवता येणार."

सरांना ते माहीत होतं. साध्वीला पुरुषाचा स्पर्श चालत नाही, मग तो बाप का असेना.

"आणि काही बोलू नकोस," ती म्हणाली. "काही समजावून सांगू नकोस. नुसता हात ठेव. थोडा जास्त वेळ."

"हो गं," सर म्हणाले. दोन पावलं गेल्यावर पुन्हा म्हणाले, "हो."

त्यानंतर दीक्षेच्या दिवसापर्यंत सर त्या एका गोष्टीला धरून जगले. बाकी काही त्यांच्या हाती उरलं नव्हतं. पोर जाणार, तिचं नावही जाणार, पुण्यातून पायी कुठल्या गावी जाईल ते आधी कळणारही नाही. पण तो एक हात त्यांचा होता. चहा गाळताना, दाढी करताना ते मध्येच उजव्या तळव्याकडे बघायचे. लहानपणी तेल लावताना तिच्या टाळूला एक खोलगट जागा लागायची, तिथे हात ठेवायचा हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मांडव मोठा होता. सगळा वर्ग आला होता. सरांनी बोलावलं नव्हतं, पण असा प्रत्यक्ष सोहळा बघायला मिळतोय म्हटल्यावर कोण राहतंय! सरांना पहिल्या ओळीत बसवलं होतं. शेजारची खुर्ची धायरीहून आलेल्या नम्रतानं पटकावली. ती मूळची यवतमाळची, कुठल्याशा कंपनीत नोकरी करायची, आणि वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न तिचे असायचे. सरांची ती लाडकी विद्यार्थिनी होती. दीक्षा घेणारी सरांची मुलगी आहे हे तिला माहीत होतं, पण सर इतके ताठ आणि शांत बसले होते की यांना याचं काही वाटत नसावं अशी तिची समजूत झाली. ती समजूत व्हावी असंच सर जन्मभर वागत आले होते.

अवनी लाल शालू नेसून, नवरीसारखी नटून आली. सुरुचीच्या पाटल्या तिच्या हातात होत्या. महासतीजींनी माइकवरून विचारलं, "वडिलांची आज्ञा आहे का?" सर उठले. "आज्ञा आहे," ते म्हणाले. शिकवून शिकवून कमावलेला आवाज शेवटच्या ओळीपर्यंत स्वच्छ गेला. जयजयकार झाला. ढोल वाजायला लागला. अवनी एकेकाचा निरोप घेत ओळीनं येऊ लागली. कात्रजच्या मावशीनं तिला मिठी मारून हंबरडा फोडला. सर खुर्चीच्या कडेला सरकून बसले. उजवा हात त्यांनी मांडीवर मोकळा ठेवला होता.

"सर," नम्रता कानाशी म्हणाली, "त्या थाळीत वस्तरा कायले ठेवून राहिले? केस तर उपटतात म्हणे ना?"

आणि सर वळले. का वळले ते देवालाच ठाऊक. प्रश्न आला की वळायचं, एवढंच ते अंग शिकलं होतं. "बरोबर आहे," ते म्हणाले, "पण आज आधी मुंडण करतात, आणि मध्यभागी थोडे केस राखून ठेवतात. तेवढे मग गुरुणीजी हातानं असे चिमटीत धरून–" सरांनी उजवा हात वर केला आणि चिमूट करून दाखवली. "याला लोच म्हणतात. देहावरची माया सुटावी हा त्यामागचा विचार. बौद्ध परंपरेत मात्र वस्तरा चालतो. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे."

नम्रतानं मान डोलावली. मग तिची नजर सरांच्या खांद्यापलीकडे गेली आणि ती एकदम म्हणाली, "सर..."

सर फिरले. समोरच्या सतरंजीवर, त्यांच्या पावलांशी, दोन फुलं पडली होती. वेणीतून गळलेली. अवनी पाठमोरी चालली होती, दोन बायका तिला धरून नेत होत्या. ती येऊन वाकली होती. वाकून थांबली होती. किती वेळ थांबली असेल? हाक मारली नव्हती तिनं, आणि मारली असेल तर ढोलात बुडाली. सर धडपडत उठले. "अवनी!" ते ओरडले, "अगं थांब, अवनी!" जयजयकारात तो आवाज कुणालाच ऐकू गेला नाही. पडदा सरकला आणि ती आत गेली. सरांचा हात अजून वरच होता आणि त्याची चिमूटही तशीच होती.

ती बाहेर आली तेव्हा पांढऱ्या वस्त्रांत होती. डोक्यावर पांढरा पदर, तोंडावर मुहपत्ती. कानशिलं उघडी पडल्यानं ती एकदम शाळेतल्या मुलीएवढी दिसत होती. तिनं व्रत घेतलं. तिला नवं नाव मिळालं. ते नाव लोकांनी मोठमोठ्यानं घेतलं, सरांना ते नीट ऐकूही आलं नाही. मग दर्शनाला रांग लागली आणि त्या रांगेत सर उभे राहिले, पुढे अनोळखी माणसं आणि मागे नम्रता.

त्यांची पाळी आली. ती समोर उभी होती, हातभर अंतरावर. सर हात जोडणार होते. पण उजवा हात त्यांना न विचारता पुढे गेला, तिच्या डोक्याच्या दिशेनं, टाळूच्या त्या खोलगट जागेकडे.

ती एक पाऊल मागे सरली. रागानं नाही. आता तसंच करायचं असतं.

"दया पाळो," ती म्हणाली. पुढच्या माणसाला आशीर्वाद म्हणून म्हणाली होती अगदी तसंच. मुहपत्तीवरचे डोळे मात्र सरांच्या त्या हाताकडे बघत होते, आणि ते भरून आले होते.

"सर, काय म्हणाल्या त्या?" मागून नम्रतानं हळूच विचारलं. "दया पाळो म्हणजे?"

सरांनी सांगायला तोंड उघडलं. अर्थ त्यांना येत होता. कुठून आला, कुणाला म्हणतात, का म्हणतात, सगळं येत होतं. पण घशातून शब्दच निघेना. जे निघालं ते ऐकून आसपासची माणसं दचकली. भर मांडवात, तो हात तसाच अधांतरी ठेवून, खांबेटे सर ओक्साबोक्शी रडायला लागले. आठ वर्षांपूर्वी रडायला हवं होतं ते आणि आजचं, सगळं एकदम. त्यांना पुढे होऊन तिच्या खांद्यावर डोकं ठेवायचं होतं, आणि ती हातभर अंतरावर दोन्ही हातांत ओघा घट्ट धरून उभी होती.

रांग सांभाळणाऱ्या स्वयंसेवकानं सरांच्या दंडाला हळूच धरलं.

"काका, दर्शन झालं ना? पुढे चला. मागे लोक थांबलेत."